खेळ होणारच!

मराठी घरांतून काही गोष्टी मुलांना जेवताना घासाघासाबरोबर भरवल्या जातात. बालगंधर्वांची ती गोष्ट त्यांतलीच. १२ मार्च १९११ हा दिवस. किर्लोस्कर नाटक मंडळीचे ‘संगीत मानापमान’ मुंबईत प्रथमच रंगभूमीवर यायचे होते. नाटक खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली. खेळ पुढे ढकलावा असे मंडळींना वाटत होते, असे सांगतात. पण बालगंधर्वांनी तोंडाला रंग लावला, शालू नेसला आणि त्या रात्री प्रेक्षकांना भामिनीच दिसली. मुलीचा बाप दिसला नाही.

ही गोष्ट मी वर्गात पुष्कळदा सांगतो. कर्तव्यनिष्ठेवर बोलायचे झाले की मास्तराच्या पोतडीतून ती हमखास बाहेर पडते. एकदा ती सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “सर, त्या रात्री त्या बाळाची आई कुठे होती?”

घंटा झाली म्हणून त्या तासाची सुटका झाली. प्रश्न मात्र घंटेबरोबर सुटला नाही. रंगमंचावर दिवे लागले की मागे कुठेतरी एक घर अंधारात राहते. त्या घराचे काय? कलावंताने दुःख गिळून खेळ करावा, हे थोर खरे. पण तसे त्याने केलेच पाहिजे काय? आणि ‘केलेच पाहिजे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

याचा विचार करायचा तर फिरत्या कलावंताचा संसार आधी डोळ्यांपुढे आणायला हवा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी आपल्या या पुण्यात ‘शाकुंतला’चा पहिला खेळ केला. त्यानंतरची पन्नासेक वर्षे संगीत नाटक कंपनी म्हणजे एक चालते-बोलते गावच होते. पडद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांच्या पेट्या, आचारी, नट, ऑर्गनवाला, सारंगिये, तबलजी, सारे गाडीत चढायचे आणि पुढच्या गावी उतरायचे. एका पंगतीला जेवायचे, एका छपराखाली निजायचे. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत पुढे तबल्याला अहमदजान थिरकवा होते. हा माणूस मूळचा मुरादाबादचा. मराठी नाट्यपदांना ठेका देत त्यांनी वर्षामागून वर्षे या मुलखात काढली. वाद्य हातात आणि घर शेकडो कोसांवर, अशी ही नोकरी.

तेव्हा ‘खेळ होणारच’ या शब्दांत नुसती कलेची भक्ती नव्हती, चुलीचा हिशेबही होता. आज खेळ झाला तर उद्या कंपनीच्या मुदपाकखान्यात भात शिजणार. एका माणसाच्या गळ्यावर इतक्या माणसांचे पोट चालत असेल, तर त्या माणसाला रडायलासुद्धा सवड काढून घ्यावी लागते. एकत्र कुटुंबातल्या मोठ्या सुनेला हे समजावून सांगायला नको. माहेरी काहीही घडलेले असो, दहा माणसांचा स्वयंपाक तिला चुकलेला नसतो. फरक इतकाच, की तिच्या त्या भाकरीची कथा कोणी वर्गात सांगत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी गिटार वाजवतो. शाळेत असताना तो बाकावर बोटे आपटायचा आणि माझ्या शिव्या खायचा. आता विजेच्या गिटारवर रॉक वाजवतो, जॅझ वाजवतो आणि लग्नाच्या आदल्या रात्री वऱ्हाडी जे फर्मावतील तेही वाजवतो. आज पुणे, परवा इंदूर, तेरवा गोवा. दिवाळीत तो घरी सापडत नाही; त्याच्या वाटणीच्या करंज्या आणि चकल्या आई तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यात जपून ठेवते. गेल्या वर्षी त्याच्या वडिलांची शस्त्रक्रिया होती आणि त्याच रात्री हैदराबादेत कार्यक्रम. तो गेला. वडील सुखरूप बरे झाले. पुढे भेटला तेव्हा मी म्हणालो, “अरे, एक दिवस नाही म्हणायचं होतंस!”

तो हसला. म्हणाला, “सर, गाणाऱ्या बाईंचा घसा बसला तर कार्यक्रम पुढे ढकलतात. गिटारवाला आला नाही तर दुसरा गिटारवाला आणतात. आणि त्याने बरं वाजवलं, की पुढच्या वेळचा फोन त्यालाच.”

हे ऐकल्यावर त्या जुन्या गोष्टीची दुसरी बाजू मला दिसू लागली. नायकाने दुःख गिळले तर त्याची आख्यायिका होते. साथीदाराने गिळले तर ती नुसती हजेरी ठरते. नायकावाचून खेळ थांबतो, म्हणून ‘मी खेळ करीन’ म्हणण्यात त्याचा मोठेपणा असतो. साथीदारावाचून खेळ थांबत नाही. थांबते ती फक्त त्याची बिदागी. भामिनीच्या त्या पहिल्या रात्री ज्यांनी साथ केली, त्यांच्यापैकी कोणाच्या घरून काय पत्र आले होते, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

कोणी म्हणेल, दिवाळीच्या रात्री एस.टी.चा ड्रायव्हर गाडी हाकतोच, दवाखान्यात परिचारिका पाळी करतेच. मग गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचेच एवढे कौतुक का? मला वाटते, दोन्हींत एक भेद आहे. परिचारिका आली नाही तर कोणाच्या तरी जिवावर बेतते. गाणे झाले नाही तर आपली एक संध्याकाळ सुनी जाते, एवढेच. परिचारिकेकडे आपण तिचे काम हक्काने मागतो आणि ते योग्यच आहे. पण शोकात बुडालेल्या माणसाने गायिलेले गाणे हे दान आहे. दान घ्यावे, डोक्याला लावावे. ते मागून घेऊ नये, आणि दमदाटीने तर नाहीच नाही.

याचा अर्थ कलावंताला घरी बसवावे असाही नव्हे. पुष्कळदा काम हाच दुःखी माणसाचा आसरा असतो. घरात सांत्वनाला आलेल्यांची गर्दी असताना ज्याला श्वास घेता येत नाही, त्याला तबल्याच्या ठेक्यात तो घेता येत असेल. अशा वेळी ‘तू आज वाजवू नकोस’ म्हणणे हाही एक जुलूमच. निवड त्याची. आपण फक्त त्याला निवड करण्याइतकी मोकळीक ठेवावी.

बालगंधर्व प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. हा शब्द ऐकून आपण सुखावतो. पण त्याचा बोजा आपल्या ध्यानी येत नाही. ज्याला मायबाप म्हटले, त्याने मायबापासारखे वागायला नको का? मूल गेलेल्या लेकराला ‘आधी गाणे म्हणून दाखव’ असे कोणते आईबाप सांगतील?

असे मायबाप कधी झालेच नाहीत असे मात्र नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच नारायणगावच्या विठाबाईंची हकीगत महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या तमाशात नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, तशा त्या आत गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. या कथेचा एवढाच भाग आपण मिटक्या मारीत सांगतो. पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. मघाशी शिट्ट्या मारणाऱ्या लोकांनी त्यांच्याकडे पाहिले, काय घडले ते ओळखले आणि ‘बाई, आता पुरे, तुम्ही विश्रांती घ्या’ म्हणून हात जोडले, असे सांगतात. त्या रात्री विठाबाई मोठ्या ठरल्याच. पण तिथल्या शेतकरी प्रेक्षकांनीही आपली पायरी उंच केली. खेळ करण्यात जसा मोठेपणा आहे, तसा खेळ सोडून देण्यातही आहे, आणि तो तिकीट काढणाऱ्या माणसालाही साधतो.

विठाबाई २००२ साली गेल्या. आज सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. त्यांचे अखेरचे दिवस मात्र ओढग्रस्तीत गेले. कलावंताच्या त्यागावर आपण भाषणे करतो, पण तो थकून घरी बसला की त्याच्या चुलीकडे कोणी डोकावत नाही. त्याग त्याचा आणि अभिमान आपला, अशी ही वाटणी मोठी सोयीची आहे.

या दिवाळीत पुण्यात ठिकठिकाणी ‘दिवाळी पहाट’चे कार्यक्रम होतील. आपण अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून, मुलाबाळांसह उजाडण्यापूर्वी जाऊन बसू. अत्तराचा वास, पणत्या, थंडीची पहिली चाहूल आणि समोर भूपाळीचे सूर. तबल्याच्या शाईवर बोटे फिरवणारा आणि कोपऱ्यात गिटार लावून बसलेला, हे दोघे मध्यरात्रीच घरून निघालेले असतील. त्यांच्या मुलांना उटणे दुसऱ्याच कोणी लावले असेल. टाळ्या देताना त्यांची नावे नीट ऐकून घ्यावीत. आणि एखाद्या वर्षी निवेदकाने येऊन सांगितले, की वादकाच्या घरी अडचण असल्यामुळे आजचा कार्यक्रम होणार नाही, तर तिकिटाच्या पैशांविषयी चकार शब्द न काढता उठावे. घरी फराळ वाट पाहत असतोच.