अनुभवाची किंमत कोणी भरायची?



काही दिवसांपूर्वी संध्याकाळची मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक जोडपे आम्हांला भेटायला आले. वडिलांच्या हातात प्लास्टिकची फाईल होती. मुलगा वैमानिक झाला आहे. म्हणजे परवाना मिळाला आहे, नोकरी नाही. आपल्या देशात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. ते पूर्ण करताना वडिलांचा फंड आणि बँकेचे कर्ज मिळून ५० लाखांहून अधिक रक्कम खर्च झाली. आता एखादे मोठे प्रवासी विमान चालवायचे तर त्या विशिष्ट जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात. त्याचे पैसे पुन्हा वेगळे.

एका मध्यस्थाने त्यांना परदेशातील योजना दाखविली होती. प्रशिक्षण घ्यायचे आणि मग ५०० तास खऱ्याखुऱ्या प्रवासी विमानात सहवैमानिकाच्या आसनावर बसायचे. पगार मिळणार नाही. उलट त्या तासांचे पैसे मुलानेच कंपनीला द्यायचे. वडील राहती वाडी गहाण ठेवायला तयार होते. आई मात्र अस्वस्थ होती. ती म्हणाली, "फादर, नोकरीसाठी पैसे भरायचे म्हणजे लाच देण्यासारखेच झाले ना? मला पापनिवेदन करावे लागेल का?"

आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकल्याचा एक फायदा असा की 'विचार करून सांगतो' असे म्हणताना लाज वाटत नाही. त्या विचारातून जे हाती लागले ते त्या दोघांच्या परवानगीने येथे मांडत आहोत, कारण आपल्यातील कितीतरी मुलेमुली विमानतळावर आणि विमानांत काम करतात आणि हा प्रश्न एका घरापुरता नाही.

प्रथम हे जाणून घेऊ या की हा प्रकार आला कोठून. विमान कंपन्यांना अनुभवी वैमानिक हवे असतात. नव्या मुलाजवळ अनुभव नसतो आणि नोकरीशिवाय तो मिळत नाही. या कोंडीतून एक बाजार उभा राहिला. युरोपात मंदीच्या वर्षांनंतर तो बराच वाढला. टाइप रेटिंगसाठी साधारण ३० हजार युरो, त्यावर प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांचे 'पॅकेज'. काही ठिकाणी वैमानिकाला नोकर न मानता स्वतंत्र व्यावसायिक म्हणून दाखविले जाते. रजा नाही, आजारपणाचा पगार नाही. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाने २०१५ साली ६ हजारांहून अधिक वैमानिकांची पाहणी करून अशा नेमणुकांवर अहवाल प्रसिद्ध केला. युरोपातील वैमानिकांची संघटना तर पैसे भरून उडण्याची ही पद्धत बंद करावी अशी मागणी सतत करीत आली आहे.

अमेरिकेत दुखणे थोडे वेगळे होते. तेथे मोठ्या कंपन्यांची छोटी उड्डाणे प्रादेशिक कंपन्या चालवीत आणि नवे वैमानिक तेथे अगदी तुटपुंज्या पगारावर राबत. १२ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूअर्कहून बफेलोला जाणारे कोल्गन एअरचे एक विमान एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, असे ५० जण मरण पावले. प्रवाशांच्या तिकिटांवर नाव होते ते कॉन्टिनेन्टल या मोठ्या कंपनीचे. सहवैमानिक २४ वर्षांची तरुणी होती. चौकशीच्या सुनावणीत तिचा वार्षिक पगार सुमारे १६ हजार डॉलर असल्याचे पुढे आले. कंपनीने नंतर आकडा याहून अधिक असल्याचे सांगितले. ती सिॲटलजवळ आईवडिलांकडे राही. नेमणूक मात्र न्यूअर्कला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. अपघाताच्या आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून, मेम्फिसला विमान बदलून, रातोरात कामावर पोहोचली होती. त्यात सर्दीने बेजार. काही काळापूर्वी तर वैमानिकाची नोकरी सांभाळून ती एका कॉफीच्या दुकानातही काम करीत असे.

येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. चौकशी मंडळाने अपघाताचे कारण कमी पगार असे दिलेले नाही. विमान वेग गमावीत असल्याचा इशारा मिळाल्यावर कप्तानाने चुकीची कृती केली, हे कारण दिले. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती, ते ठरविता आले नाही. तेव्हा 'पगार कमी म्हणून विमान पडले' असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. परंतु जिला नोकरीच्या गावी भाड्याची खोली परवडत नाही, तिच्या हाती पन्नास जिवांची दोरी देणे योग्य आहे का, हा प्रश्न अपघात झाला नसता तरी उरलाच असता. तो पडला म्हणून दिसला, एवढेच.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू या. लाच म्हणजे काय? ज्याच्यावर विश्वास टाकला आहे अशा माणसाला गुपचूप पैसे देऊन, दुसऱ्याच्या हक्काचे आपल्याकडे वळविणे. येथे पैसे उघडपणे, पावती घेऊन दिले जातात. म्हणून ही लाच नव्हे आणि त्या माऊलीने त्यासाठी पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहण्याची गरज नाही. (प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील सिमोन जादूगार पवित्र आत्म्याचे दान विकत घ्यायला निघाला होता. विमानाचे आसन काही पवित्र आत्म्याचे दान नव्हे.)

पण लाच नाही म्हणजे सारे न्याय्य, असे होत नाही. 'मुलगा स्वखुशीने सही करतो, मग तक्रार कसली?' असे मध्यस्थाने वडिलांना सांगितले होते. अॅरिस्टॉटलने एक उदाहरण दिले आहे. वादळात सापडलेल्या जहाजाचा कप्तान माल समुद्रात फेकतो. तो ते स्वतःच्या हाताने करतो, समजून उमजून करतो. तरी कोणी शहाणा माणूस एरवी माल पाण्यात टाकीत नाही. अशा कृतीला नुसते 'स्वखुशी' म्हणणे अपुरे आहे. कर्जाचे हप्ते सुरू झालेल्या मुलाची सही ही तशीच सही आहे. १८९१ साली पोपमहोदय तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात हेच कामगारांविषयी सांगितले: मालक आणि कामगार यांच्यातील करारापेक्षा जुना आणि थोर असा निसर्गाचा न्याय आहे, आणि गरजेपोटी किंवा अधिक वाईट टाळण्यासाठी माणसाने कठोर अटी स्वीकारल्या तर तो बळजबरीचा बळी असतो. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण करून दिली.

यावर एक आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतला. शिकणाऱ्याने खर्च करावा यात गैर काय? पूर्वी सुतार-सोनारांकडे उमेदवारी करणाऱ्याला वर्षानुवर्षे काही मिळत नसे. मुंबईत नवा वकील ज्येष्ठांच्या हाताखाली जवळजवळ फुकट राबतो. आम्हीही सेमिनरीत इतकी वर्षे शिकलो, तो खर्च कोणी ना कोणी भरलाच. हा आक्षेप हलका नाही. सिम्युलेटरमध्ये, शिक्षकाजवळ बसून जे शिकायचे त्याची फी विद्यार्थ्याने द्यावी, हे आम्हांला मान्य आहे. फी किती असावी हा वेगळा वाद.

पण ५०० तासांची गोष्ट निराळी आहे. त्या आसनावर कोणीतरी पात्र वैमानिक बसल्याशिवाय ते विमान प्रवासी घेऊन उडूच शकत नाही. दीडशेहून अधिक माणसांनी तिकिटे काढली आहेत, आणि त्या तिकिटांत सहवैमानिकाचे कामही आलेच. म्हणजे कंपनी त्याच एका कामाचे पैसे दोनदा घेते. प्रवाशाकडून एकदा, काम करणाऱ्याकडून पुन्हा एकदा. मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा मालक आठवा. शेवटच्या तासाला आलेल्यालाही त्याने पूर्ण मजुरी दिली आणि सकाळपासून राबलेले कुरकुरले. पण मळ्यात शिरायचे तर आधी तुम्हीच पैसे टाका, असे तो कोणालाच म्हणाला नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीविषयी लिहिताना एक बारीक मुद्दा मांडला आहे. विकणाऱ्याला त्या वस्तूची विशेष उणीव भासणार नसेल, तर केवळ घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून त्याने भाव वाढवू नये. कारण ती गरज विकणाऱ्याची नव्हे, आणि जे आपले नाही ते कोणी विकू नये. आम्ही हा मुद्दा सेमिनरीत परीक्षेपुरता पाठ केला होता. फाईलमधील तो करार वाचताना तो प्रथमच समजला. कंपनी आसन देते, पण किंमत लावते ती मुलाच्या अगतिकतेला. ती अगतिकता कंपनीच्या मालकीची नाही.

वडील म्हणाले होते, "आपण भरले नाहीत तर दुसरा भरेल." खरे आहे. पण तो दुसरा कोण? ज्याच्याकडे वाडी आहे तो. ज्याच्याकडे गहाण टाकायला काहीच नाही अशी एखादी हुशार मुलगी रांगेतून आपोआप बाहेर जाते, तिचा हात कितीही स्थिर असो. आणि ज्याने लाखो रुपये भरले आहेत तो 'आज मी थकलो आहे, उडू शकत नाही' असे म्हणताना दहादा विचार करील. हे नुकसान मागे बसलेल्यांच्या वाट्याला येते.

मागे बसलेल्यांत आम्हीही आहोत. मागच्या तीर्थयात्रेच्या वेळी आम्ही समितीला काय सांगितले होते? सर्वांत स्वस्त तिकीट पाहा. ते का स्वस्त आहे हे आम्ही विचारले नाही, तुम्हीही विचारले नाही. अमेरिकेत अपघातानंतर नियम बदलले. २०१३ पासून प्रवासी कंपनीतील सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांची अट आली. वैमानिकांचा तुटवडा झाला आणि २०२२ साली काही प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचे वेतन तासाला ९० डॉलरपर्यंत नेले. पगार वाढला याचा आनंद आहे. पण तो तुटवड्याने वाढला. तुटवडा संपल्यावर काय, याचे उत्तर बाजार देत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. आमच्या देखरेखीखालील एका संस्थेत एक तरुणी दोन वर्षे मुलांना शिकवीत होती. मानधन इतके की येण्याजाण्यातच संपावे. आम्ही तिला म्हणत असू, "तुला अनुभवाचे प्रमाणपत्र मिळेल, पुढे उपयोग होईल." तिच्यामुळे वर्ग चालला, फी जमा झाली. हा लेख अर्धा लिहून झाल्यावर ती आठवली आणि पुढे लिहिणे दोन दिवस थांबले. तिचा हिशेब आम्ही चिटणिसांना काढायला सांगितला आहे.

त्या जोडप्याला आम्ही असे सांगितले: तुमच्या मुलाने पैसे भरले तर तो पापी ठरत नाही; अन्याय झालाच तर तो त्याच्यावर होत आहे, आणि अन्याय सोसणे हा गुन्हा नव्हे. पण वाडी गहाण टाकण्यापूर्वी पाहा की ५०० तासांनंतर नोकरीची हमी करारात कोठे लिहिली आहे का, आणि कंपनी बुडाली तर पैसे कोण परत देणार. किंगफिशर २०१२ साली बंद पडली आणि जेट एअरवेज २०१९ साली, तेव्हा अनुभवी वैमानिकांचेही पगार अडकले होते. आम्ही करार दोनदा वाचला. हमी कोठेही नव्हती. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की हे मुलाला तुम्हीच सांगा, आमचे तो ऐकणार नाही.

तो या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर येणार आहे. फाईल अजून आमच्याकडेच आहे.

आपले धर्मगुरू