गव्हाणीपूर्वीचे आगमन

नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या अवधीला ख्रिस्तसभेच्या पंचांगात आगमनकाळ म्हणतात, आणि बेथलेहेमच्या बाळाच्या स्वागताची तयारी हाच त्याचा समग्र आशय, अशी सर्वसामान्य समजूत असते. ही समजूत निराधार नाही. परंतु इतिहासाचा क्रम पाहू गेल्यास ती उलट्या टोकाकडून धरलेली आहे असे म्हणावे लागते. येशूचा जन्मोत्सव करण्याची कल्पना ख्रिस्ती माणसाच्या मनात येण्याच्या कितीतरी आधीपासून तो येशूच्या येण्याची वाट पाहत होता, आणि ते येणे भूतकाळात जमा झालेले नसून अद्याप व्हावयाचे होते.

पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र नव्या करारातील अत्यंत जुन्या लेखनांत मोडते. प्रभू परत येण्यापूर्वीच आपले जे बांधव मरण पावले त्यांची गत काय होणार, या चिंतेने त्या मंडळीला ग्रासले होते, आणि पौल तिचे समाधान करतो आहे. ज्यांना असा प्रश्न पडतो त्यांनी प्रभूचे पुनरागमन आपल्या हयातीतच होणार असे गृहीत धरले होते, हे उघड आहे. पौलाच्या पत्रांत मेंढपाळ नाहीत, तारा नाही, गव्हाण नाही. येशू स्त्रीपासून जन्मला, एवढाच एक ओझरता उल्लेख आहे. मार्काचे शुभवर्तमान तर यार्देन नदीवरील बाप्तिस्म्यापासूनच आरंभ करते. जन्मकथा सांगितली ती मत्तय आणि लूक या दोघांनीच. त्यांतही लूकची योजकता अशी, की ज्याच्या राज्याला अंत नाही असे देवदूताने सांगितले, त्याची जन्मकथा तो कैसर औगुस्ताच्या खानेसुमारीच्या फर्मानापासून, म्हणजे परक्या सत्तेच्या दफ्तरी नाव लावण्यासाठी निघालेल्या एका सामान्य जोडप्यापासून, सुरू करतो.

तथापि कथा लिहिली गेली म्हणून लगेच सण झाला असे नाही. तिसऱ्या शतकातील ओरिजेनसारख्या प्रकांड पंडिताने, पवित्र शास्त्रात वाढदिवस साजरे करणारे आढळतात ते फारो आणि हेरोद यांच्यासारखे अधर्मी राजेच होत, असा शेरा मारून ठेवला आहे. रोममध्ये 25 डिसेंबर ही तारीख जन्मदिन म्हणून नोंदलेली सापडते ती 354 सालच्या एका पंचांगात, आणि त्यातील यादी 336 पर्यंत मागे जाते. हीच तारीख का, याविषयी विद्वानांत दोन तट आहेत. एक पक्ष अजिंक्य सूर्याच्या रोमन उत्सवाकडे बोट दाखवतो. दुसरा पक्ष 25 मार्चला गर्भधारणा मानून नऊ महिने मोजतो. हा वाद प्रस्तुत विषयाला फारसा उपकारक नाही, म्हणून तो येथेच सोडतो. अर्मेनियन ख्रिस्तसभा आजही प्रभूजन्म 6 जानेवारीलाच पाळते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

सण स्थिर झाल्यावर त्याच्या पूर्वतयारीचा प्रश्न आला. गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याची चाल पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात टूर्सचा बिशप पर्पेट्युअस याने घालून दिली, आणि पुढच्या शतकात माकाँच्या धर्मपरिषदेने तिला मंजुरी दिली. या उपवासाचा सूर पश्चात्तापाचा होता. रोमची प्रथा त्या मानाने सौम्य होती आणि तिची दृष्टी जन्मोत्सवाकडे अधिक होती. हे दोन प्रवाह एकत्र आले, आणि म्हणूनच आगमनकाळाच्या उपासनेत धर्मगुरूंची जांभळी वस्त्रे आणि हर्षाची गीते यांचे विलक्षण साहचर्य आजवर टिकून राहिले आहे.

ख्रिस्ताची आगमने दोन, एक दीनतेचे आणि एक वैभवाचे, असे चौथ्या शतकात जेरुसलेमच्या सिरिलने दीक्षार्थींना शिकवले होते. बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने या दोहोंच्या मध्ये तिसरे आगमन मानले: दृष्टीस न पडणारे, भक्ताच्या अंतःकरणात नित्य घडणारे. भक्तिपरंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला हा विचार तत्काळ आपलासा वाटेल, आणि त्याची उंची मलाही मान्य आहे. परंतु जगाच्या न्यायनिवाड्याची जी प्रतीक्षा साऱ्या समाजाची होती, ती येथून एकेकट्या जिवाच्या साधनेकडे वळली, आणि या वळणावर काही हरवलेही. पुढे 1223 साली असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून गव्हाण उभी केली. हे दोन प्राणी शुभवर्तमानात कोठेही नाहीत. ते आले आहेत यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायातून. देवाचे दारिद्र्य शेतकऱ्यालाही डोळ्यांनी दिसावे हा फ्रान्सिसचा हेतू निर्मळ होता. मात्र जे डोळ्यांसमोर मांडलेले आहे त्याची वाट कोण पाहणार?

आपल्याकडे या प्रश्नाचे भान फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ग्रंथरचनेत उमटलेले दिसते. 1616 साली गोव्यातील राशोल येथे छापल्या गेलेल्या त्यांच्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’चे दोन भाग आहेत, आणि 36 अवस्वरूंचा, म्हणजे सर्गांचा, अख्खा पहिला भाग ख्रिस्तजन्माच्या अलीकडेच थांबतो. सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची ही दीर्घ वाटचाल ओवी ओवीने ऐकणाऱ्या श्रोत्याला तारणाऱ्याची प्रतीक्षा प्रत्यक्ष करावीच लागत असे. आगमनकाळाचे याहून मोठे मराठी भाष्य मला ठाऊक नाही.

युरोपात मात्र प्रतीक्षेची जुनी धार परत आली ती विसाव्या शतकात, तुरुंगांतून. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून नोव्हेंबर 1943 मध्ये लिहिलेल्या एका पत्रात लूथरपंथी पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी कैदेची कोठडी आणि आगमनकाळ यांतील साम्य दाखवले: कोठडीचे दार आतून उघडता येत नाही, ते बाहेरूनच कोणीतरी उघडावे लागते. पुढच्याच वर्षी त्याच तुरुंगात जेझुइट धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प यांनी, हातांत बेड्या असताना, आगमनकाळावरील चिंतने लिहिली. डेल्प 2 फेब्रुवारी 1945 रोजी आणि बोनहोफर 9 एप्रिल रोजी फासावर गेले. जे पहिल्या शतकातल्या मंडळीला पुसटसे तरी समजले होते, की न्याय अजून व्हावयाचा आहे आणि तो आपल्या हातचा नाही, ते या दोघांना पुन्हा अक्षरशः समजले.

1969 साली कॅथलिक ख्रिस्तसभेने उपासनावर्षाची पुनर्रचना केली तेव्हा आगमनकाळाचे हे दुहेरी स्वरूप नियमातच नमूद केले: 16 डिसेंबरपर्यंत दृष्टी मुख्यतः ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे, 17 पासून जन्मोत्सवाकडे. माझ्या मते ही वाटणी न्याय्य आहे, आणि तिचा क्रम तर त्याहून अधिक. दुकानांतले तारे नोव्हेंबरातच टांगले जातात, त्याला इलाज नाही; परंतु येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मंदिरात जे शुभवर्तमान वाचले जाईल ते वाचकाने कान देऊन ऐकावे. तीन वर्षांच्या वाचनक्रमात त्या दिवशी मत्तय, मार्क आणि लूक आळीपाळीने येतात, आणि तिघांच्याही उताऱ्यात बेथलेहेमचे नाव नाही. जागे राहा, एवढेच तिघेही सांगतात.