कूस ऐकते

आज पहाटे उजेड कधी फुटला, ते आठवून पाहा. नाही आठवलं तरी हरकत नाही. शरीराने नोंद घेतलेली असते. वाणगावच्या मिरचीच्या वाड्यांवर पसरणारा हाच उजेड कुठल्याशा वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्या गाढविणीच्या डोळ्यांतही शिरतो. थोडा वेळ तिच्यापाशी थांबू या.

तो उजेड तिच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला कळतो. ही ग्रंथी अंधारात मेलाटोनिन स्रवते; रात्र मोठी, तेवढा त्याचा अंमल मोठा. हा अंमल लांबला की घोडीचा माज थांबतो; उत्तर युरोपातल्या बहुतेक घोड्या म्हणूनच हिवाळ्यात माजावर येत नाहीत. आपल्याकडे वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम अडीच तासांचा फरक. त्यामुळे इथली गाढवीण, पोटभर चारा मिळाला तर, बहुधा वर्षभर माजावर येत राहते.

आता आणखी आत जाऊ. मेंदूच्या तळाशी अधश्चेतकातून ठरावीक लयीत इशारे सुटतात. पीयूषिका ग्रंथी ते ऐकते आणि रक्तात एफएसएच हे पुटिका वाढवणारं संप्रेरक सोडते. अंडाशयात अंडी सांभाळणाऱ्या पुटिका वाढू लागतात. एक पुढे जाते, बाकीच्या विरून जातात. पुढे गेलेली पुटिका इस्ट्रोजेन स्रवते आणि आतली गोष्ट बाहेर दिसू लागते: कान मागे पडतात, मान पुढे ताणली जाते, जबडा उघडझाप करतो, लाळ गळते. हा माज साधारण सहा ते नऊ दिवस टिकतो. अंडं सोडवणारं पीयूषिकेचं दुसरं संप्रेरक म्हणजे एलएच. गाईमध्ये ते उसळतं आणि काही तासांत ओसरतं. गाढविणीत ते दिवसागणिक चढत जातं. माज सरता सरता अंडं सुटतं.

इथे सावकाश व्हा.

अंडं सुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो. त्याचं प्रोजेस्टेरॉन कुशीला सज्ज ठेवतं. गर्भ राहिला असेल, तर तो इवलासा जीव एका जागी बसत नाही. कितीतरी दिवस तो गर्भाशयाच्या एका शिंगातून दुसऱ्या शिंगात फिरतो, सगळ्या भिंतींना आपण आल्याचं कळवतो. कुशीला ते कळलं की पीतपिंड टिकतो. ती चाहूल लागलीच नाही, तर अंडं सुटल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी कूस प्रोस्टाग्लँडिन सोडते, पीतपिंड ओसरतो आणि पुटिका पुन्हा वाढीला लागतात. एका माजापासून दुसऱ्या माजापर्यंत साधारण चोवीस दिवस.

या ऐकण्यावर मन ठेवा. पाठीवर विटा असतात तेव्हाही ते चालूच असतं.

पौष पौर्णिमेला जेजुरीत, होळी-रंगपंचमीच्या सुमारास मढीत गाढवांचा बाजार भरतो. तिथे दात पाहतात, पाय पाहतात, भाव ठरतो; आतलं हे चक्र मात्र दिसत नाही. देशात 2012 च्या पशुगणनेत सुमारे 3.2 लाख गाढवं होती. 2019 मध्ये 1.2 लाख उरली. गाढवीण सुमारे बारा महिने गाभण असते आणि बहुधा एकच शिंगरू देते. हे आकडे शेजारी ठेवले, की प्रत्येक चक्राचं मोल कळतं.

गाभण गाढविणीचं ओझं कमी करणं आणि चारा वाढवणं मालकाच्या हातात आहे. तुमच्या हातात एक प्रश्न आहे. रस्त्यात ती भेटली, तर तिच्या माणसाला आपुलकीने विचारा, "गाभण आहे का हो?" विचारणारा आणि ऐकणारा, दोघेही त्या क्षणी तिच्याकडे ओझ्यापलीकडे पाहतील.