मूळ, मोल आणि जमात

सोमाटणे गावाच्या एका अंगाला पवना वाहते, दुसऱ्या अंगाला तळेगावापलीकडे इंद्रायणी. जवळचा घोरावडेश्वराचा डोंगर आणि भोवतीचा सारा मावळ ज्या काळ्या कातळाचा बनला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा. आम्हां इथे राहणाऱ्यांना हा कातळ सृष्टीइतकाच जुना वाटतो. विज्ञानाच्या हिशेबात मात्र तो अलीकडचा आहे. पहिले प्राणी त्याच्या कितीतरी आधी, सुमारे ६० कोटी वर्षांहूनही पूर्वी, समुद्राच्या पाण्यात निपजले. त्यांचे पूर्वज होते एकपेशीय जीव.

हे वाक्य ऐकले की आमच्या मोहल्ल्यांत दोन प्रतिक्रिया उमटतात. कुणी म्हणतो, हे ऐकणेसुद्धा पाप आहे. कुणी म्हणतो, हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच लिहिलेले आहे. पहिल्याला तपासायचे नसते, दुसऱ्याला शिकायचे नसते. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिझने प्राण्यांवर सात खंडांचा ग्रंथ लिहिला, इब्न खल्दूनने १३७७ मध्ये खनिजांपासून माणसापर्यंतच्या पायऱ्यांचा विचार मांडला, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्यांनी पाहिले आणि विचार केला म्हणून ते मोठे. त्यांचे नाव घेऊन आपण पाहणे सोडले, तर तो त्यांचाच अपमान होय.

आणि हा रोग एकट्या मुस्लिम समाजाचा नाही. तुर्कस्तानने २०१७ मध्ये शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांतीचा धडा वगळला. आपल्याकडे एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून तो काढला. महाराष्ट्राच्या दहावीच्या २०१८ च्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा होता. दोन देशांतले बहुसंख्याक वेगळे, पण भीती एकच!

विशेष म्हणजे या शोधाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. १८४० च्या दशकात मुंबईच्या लष्करी सेवेतले डॉक्टर हेन्री कार्टर शहरातल्या तळ्यांत वाढणारे गोड्या पाण्यातले स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. त्या काळी स्पंज वनस्पती की प्राणी, यावरच वाद होता. स्पंजातून सुट्या झालेल्या पेशी अमिबासारख्या सरपटतात, असे त्यांना दिसले. आजही स्पंजाची एक जात त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे १८६७ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री जेम्स-क्लार्क यांनी दाखवले की, स्पंजाच्या आत पाणी खेळवणाऱ्या पेशी काही एकपेशीय जिवांसारख्या हुबेहूब दिसतात. दोघांनाही एक शेपटीवजा धागा आणि त्याभोवती गळपट्टीसारखे कडे. या जिवांना कोअ‍ॅनोफ्लॅजेलेट म्हणतात.

शंभराहून अधिक वर्षे हे केवळ दिसण्यातले साम्य होते. २००८ मध्ये अशा एका जिवाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. तेव्हा आढळले की, प्राण्यांच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांची जनुके या एकट्या राहणाऱ्या जिवाकडेही आहेत. म्हणजे घर बांधण्याआधीच विटा तयार होत्या. या कुळातला दुसरा एक जीव काही विशिष्ट जिवाणूंच्या सान्निध्यात आला की विभागल्यावरही वेगळा होत नाही. त्याच्या पेशी फुलासारख्या चिकटून राहतात. नेमके याच वाटेने पहिला प्राणी घडला, असा दावा कुणी करत नाही. पण आज हयात असलेल्या एकपेशीय जिवांत हेच प्राण्यांचे सर्वांत जवळचे आप्त, हे आता पक्के आहे.

आता नैतिक प्रश्नाकडे येऊ. असे मूळ मानले तर ‘अश्रफ-उल-मखलूकात’ म्हटल्या गेलेल्या माणसाची प्रतिष्ठा कमी होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. प्रत्येक माणूस, मग तो पीर असो की फकीर, आईच्या पोटात एकाच पेशीपासून सुरू झाला. त्याची कुणाला लाज वाटत नाही. मग पूर्वजांची का वाटावी? मुळावरून मोल ठरवण्याची खोड जुनी आहे. तिनेच आपल्यात अश्रफ आणि अजलाफ केले. बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी, पिंजारी या बिरादऱ्यांना सोयरिकीच्या वेळी मूळ विचारले जाते, ते याच खोडीने. ज्या समाजात इतकी माणसे मुळावरून हिणवली गेली, त्याने तरी मूळ हे मोलाचे माप मानू नये.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. पेशी एकत्र आल्या तेव्हा त्यांनी मोठी किंमत मोजली. कातडीची पेशी शरीरासाठी झिजते आणि मरते. वंश पुढे नेण्याचे काम तिने दुसऱ्या पेशींवर सोपवलेले असते. बिघडलेल्या पेशीला शरीर स्वतःला संपवायला लावते. जी पेशी हे ऐकत नाही आणि बेबंद वाढते, तिचा कर्करोग होतो. यावरून कुणी सहज म्हणेल, ‘पाहा, निसर्गच सांगतो. व्यक्तीने जमातीत विरून जावे, आणि वेगळे बोलणारा हा जमातीचा कर्करोग.’

हा युक्तिवाद मोहक आहे, पण खोटा आहे. शरीराच्या साऱ्या पेशी एकाच पेशीच्या लेकी असतात. त्यांची जनुके जवळजवळ एकच, म्हणून एकीचे मरण दुसरीच्या जगण्यात भरून निघते. पेशीला दुःख नाही, विवेक नाही. माणसाला दोन्ही आहेत. आमच्या श्रद्धेतही हिशेबाच्या दिवशी जमात उभी राहत नाही, माणूस एकटा उभा राहतो. ज्याला जाब एकट्याने द्यायचा, त्याला विचारही एकट्याने करण्याचा हक्क असला पाहिजे.

मोमिनांना एका शरीराची उपमा देणारी हदीस सर्वांना ठाऊक आहे. एका अवयवाला दुखले तर सारे शरीर तळमळते, असा तिचा आशय. ती वेदना वाटून घेण्याविषयी बोलते, अवयव कापून टाकण्याविषयी नव्हे. आपण मात्र उपमा घेतली आणि तिचा अर्थ उलटा केला.

याचे दाखले दूर शोधायला नकोत. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये जमातीतून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, आणि २०२३ मध्ये हा प्रश्न नव्याने नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. दरम्यान सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तो जातपंचायतींच्या जाचामुळे. म्हणजे अवयव कापण्याची हौस सर्वच जमातींना आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला. केवळ सात! समाजाच्या पुष्कळ मोठ्या भागाने तेव्हा त्यांना परके ठरवले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरवला, आणि त्या निकालामागेही मुस्लिम महिलांच्याच याचिका होत्या. १९६६ मध्ये ज्याला रोग म्हटले, ते शरीराचे दुखणे ओळखणारे अवयव होते.

एकपेशीय जिवापासून माणसापर्यंतचा प्रवास आपल्याला काय करावे हे सांगत नाही. निसर्ग फतवा देत नाही. तो एवढेच दाखवतो की एकत्र राहणे शक्य आहे, त्याला किंमत असते आणि ती किंमत कुणीतरी मोजत असते. पेशीला ती विचारून घेतली गेली नाही. माणसाला मात्र विचारता येते. आमच्या मते जमात आणि शरीर यांत एवढाच फरक आहे, आणि तो पुसला जाऊ नये यासाठी आपण जागे राहिले पाहिजे.