रोजची गोळी आणि गल्लीतला दवाखाना

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या निपाणीत कुणाला हृदयविकाराचा झटका आला तर कुठे न्यायचे, हे घरच्यांना ठाऊक असते. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन्हीकडे मोठी इस्पितळे आहेत. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय तर १९६३ पासूनचे. पण झटक्याआधीची दहा-पंधरा वर्षे त्या माणसाचा रक्तदाब कोण सांभाळत होते? बहुतेक वेळा गल्लीतला खासगी डॉक्टर.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार सरकारी ठिकाणी उपचार झाले ते ग्रामीण भारतातल्या सुमारे एक तृतीयांश आणि शहरांतल्या साधारण पावभाग आजारपणांवर. सीमाभागात यामागची कारणे रोजच्या जगण्यात दिसतात. विड्या वळणाऱ्या बाईला मजुरी हजारी विड्यांवर मिळते. सकाळ आरोग्य केंद्राच्या रांगेत गेली की तेवढी मजुरी गेली. खासगी दवाखाना संध्याकाळी उघडा असतो. डॉक्टर मराठीत बोलतो, तिच्या सासूचाही आजार त्याला माहीत असतो, पैसे पुढच्या आठवड्यात दिले तरी तो ऐकून घेतो. तंबाखूच्या धुळीत दिवसभर बसणाऱ्या या बायकांसाठी आणि तीच तंबाखू ओढणाऱ्या, चघळणाऱ्या पुरुषांसाठी हा दवाखाना हीच खरी प्राथमिक आरोग्यसेवा आहे. त्याला वगळून आखलेली कोणतीही योजना अर्धीच राहणार.

मात्र हा दवाखाना तापा-खोकल्याच्या हिशोबाने चालतो. पेशंट आला की तपासायचे, चिठ्ठी द्यायची. नाही आला तर बरा झाला असे धरायचे. तापाला हे चालते. बीपी-शुगरमध्ये उलटे आहे: जो परत आला नाही, त्याच्याच मेंदूला आणि मूत्रपिंडाला धोका अधिक. चक्कर थांबली, रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, म्हणून गोळी सोडणारी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आला, हे त्यांना नीट सांगायला गर्दीत वेळ नसतो. केसपेपर पेशंटच्या पिशवीत. कोण यायचे थांबले याची वही बहुतेक ठिकाणी नाहीच. देशात रक्तदाब काबूत असलेले रुग्ण केवळ १२ टक्के, असे केंद्र सरकारनेच २०२२ मध्ये सांगितले.

सरकारकडे वही आहे. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. कर्नाटकाने २०२४ मध्ये ‘गृह आरोग्य’ योजनेतून घरोघरी तपासणीही सुरू केली. पण तपासणीत सापडलेला माणूस गोळ्यांसाठी पुन्हा आपल्या डॉक्टरकडेच जातो आणि सरकारी नोंदीतून निसटतो.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्नाटकात असलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली तेव्हा दोन्ही राज्यांत केवढा वाद पेटला! गरिबाला मदत मिळणे चांगलेच आहे, आणि सीमेच्या राजकारणापायी ती कुणी अडवू नये. तरी ही योजना मुख्यतः इस्पितळातल्या मोठ्या उपचारांची. अँजिओप्लास्टी, डायलिसिस यांचे पैसे मिळतील. ती वेळ येऊ न देणारी रोजची स्वस्त गोळी पेशंटने स्वतःच्या खिशातून घ्यायची. त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये कर्नाटकातल्या खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या कायदादुरुस्तीविरुद्ध त्या राज्यभरातले डॉक्टर बेळगावात जमले होते, तेव्हा वाद झाला तो दर आणि शिक्षेवर. रुग्णाचा रक्तदाब आटोक्यात राहिला का, हे कुणी कुणाला विचारायचे, हा प्रश्न तिथेही ऐरणीवर आला नाही.

क्षयरोगात मात्र देशाने वाट काढली आहे. २०१२ पासून खासगी डॉक्टरला प्रत्येक क्षयरुग्ण सरकारला कळवावा लागतो; पुढे कळवल्याबद्दल ५०० आणि उपचाराचा शेवट नोंदवल्याबद्दल ५०० रुपये देणेही सुरू झाले. ब्रिटनमधल्या बहुतेक फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने १९४८ पासून सरकारशी करार करून स्वतंत्रपणेच काम करतात, आणि २००४ पासून तिथे रक्तदाब काबूत ठेवल्याचा मोबदला त्यांच्या कमाईत धरला जाऊ लागला.

तसेच इथे करावे. निपाणीच्या खासगी डॉक्टरला बीपी-शुगरच्या सरकारी गोळ्या फुकट वाटायला द्याव्यात, त्याची वही आशाताईच्या वहीशी जोडावी, आणि रुग्ण वर्षभर काबूत राहिला तर डॉक्टरला मोबदला द्यावा. खासगीत कमिशन आहे, गरज नसलेले सलाईन आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच अटी कडक हव्यात: औषध मूळ नावाने लिहायचे, तपासण्या ठरलेल्याच करायच्या, वही तपासणीला खुली ठेवायची. अटी मान्य नसतील त्याला सरकारी पैसा मिळू नये.

दिवाळीला पुण्या-मुंबईहून गावी जाणाऱ्यांना एक विनंती. आई-वडिलांच्या डॉक्टरांना भेटा आणि विचारा, महिनाभर पेशंट आला नाही तर तुम्हाला कळते का? कळत नसेल तर अशी वही ठेवा म्हणून आग्रह धरा. आणि मते मागायला येणाऱ्यांना, मग ते कोणत्याही भाषेत मागोत, या गोळ्यांचे काय करणार ते विचारा.