दुसरी दांडी

गिअरच्या दांडीशेजारी आमच्या जीपला आणखी एक आखूड दांडी आहे. ती टाकली की मागच्या दोन चाकांबरोबर पुढची दोन चाकंही ओढायला लागतात. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये राधानगरीकडच्या आमच्या रानात मागची चाकं तांबड्या चिखलात अर्ध्यापर्यंत रुतली, तेव्हा मी त्या दांडीला हात घातला. ती हलली नाही. दोन्ही हातांनी ओढून पाहिली, पायानं रेटून पाहिली. अखेर शेजारच्यांच्या ट्रॅक्टरनं दोर लावून गाडी बाहेर काढली. ज्या एका गुणासाठी अठ्ठावीस वर्षांची ही गाडी दारात ठेवली होती, तोच ऐन वेळी नाहीसा झाला होता.

कोल्हापुरात मिस्त्रींनी गाडीला हात लावायच्या आधीच विचारलं, "ही दांडी शेवटची कवा टाकली होती, मालक?" मला आठवेना. रानाच्या बांधापर्यंत डांबरी रस्ता झाला त्याला चार वर्षं होऊन गेली होती, त्याआधी कधीतरी. "मग ती तरी कशाला हलतीय," असं म्हणून ते गाडीखाली सरकले.

डांबरावर ही दांडी टाकायची नसतेच. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, त्यांना जास्त अंतर कापावं लागतं. जुन्या जीपमध्ये दांडी टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि हा फरक जिरवायला मध्ये काहीच उरत नाही. चिखलात चाक जरा घसरतं, ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तोच ताण गिअरच्या दात्यांवर येतो. त्यामुळे रस्ते सुधारतात तशी ही यंत्रणा रिकामी बसते. डिझेल वाचावं म्हणून पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे हबही मी मोकळे ठेवले होते. पुढचा शाफ्ट चार वर्षं फिरलाच नव्हता.

मिस्त्रींनी त्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, उघडला. टोपीच्या आत सुयांएवढ्या बारीक बेअरिंगची एक रांग असते. ग्रीसमध्ये त्या सुया लख्ख असायला हव्यात. टोपी उलटी केली तर तळहातावर गेरूसारखी तांबडी पूड पडली. गिअरच्या डब्यातलं तेल पाणी शिरून दुधाळ झालं होतं. आणि ज्या दांड्यावर गिअर सरकतो तो गंजून आपल्या भोकातच धरून बसला होता. झिजलेलं असं फारसं काहीच नव्हतं. जे बिघडलं होतं ते न वापरल्यानं.

तो सरकता दांडा बाजारात मिळेना. पुण्याच्या नाना पेठेतही फोन करून झाले. मग मिस्त्रींनी मला उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे पाठवलं. जुना दांडा ठोकून काढताना त्याची पार दशा झाली होती. यावरून माप कसं मिळणार, असं मला वाटत होतं. लेथवाल्यानं तो हातात फिरवला, गंजलेला मधला भाग सोडला आणि एका टोकाला, आत झाकला गेलेला जेमतेम बोटभर तुकडा होता, तिथं मायक्रोमीटर लावला. तिथवर गंजही पोहोचला नव्हता आणि झीजही. मूळ माप तेवढ्या जागेत शाबूत होतं. मग त्यानं पोलाद कोणतं घ्यायचं, खाचांची खोली किती, कडकपणा किती द्यायचा, हे दोन-तीन प्रश्नांत ठरवलं. संध्याकाळी दांडा तयार होता.

ही कारागिरी आपल्याकडे इतकी सहज मिळते, की तिच्यामागे काय उभं आहे ते दिसत नाही. जीप १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी बनू लागली, ती रणभूमीवर साध्या पान्यांनी उघडता यावी अशी. दुसरं महायुद्ध संपल्यावर महिंद्रांनी तिची जोडणी मुंबईत सुरू केली आणि पुढची कित्येक वर्षं तहसीलदार, साखर कारखान्याचे चेअरमन, निवडणुकीतले उमेदवार सगळे तिच्यातूनच फिरले. गाडी उघडी असल्यानं गावोगावी ती उघडणारे हात तयार झाले. या हातांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. बिघडलेल्या जीपच त्यांची शाळा होत्या.

म्हणून माझा मुद्दा गाडीच्या प्रेमाचा नाही. दुरुस्तीची क्षमता ही त्या दुसऱ्या दांडीसारखी आहे. ती ठेवून देता येत नाही. ती चालती राहिली तरच असते, आणि गेली हे कळतं ते चिखलात रुतल्यावर.

कायदा मात्र वय कॅलेंडरवर मोजतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर तपासणी आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यातली तपासणी रास्तच आहे. पण १ एप्रिल २०२२ ला मोटारींच्या या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, ती गाडीची अवस्था पाहून नव्हे. नीट राखलेली आणि पार खिळखिळी झालेली, दोघींना दर एकच.

याला उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. जुनं डिझेल इंजिन काळा धूर ओकतं, तो शेजारच्याच्या फुप्फुसात जातो. माझ्या जीपला एअरबॅग नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला मनाई केली, तेव्हा तिथल्या हवेची अवस्था पाहता तिला विरोध करायला माझी जीभ रेटत नव्हती. मीही नोझल तपासून घेतले आहेत आणि गाडी रानापुरतीच काढतो. कोल्हापूरच्या गर्दीत रोज तिनं फिरणं मलाही पटणार नाही. धूर मोजा, ब्रेक मोजा, चासी ठोकून पाहा, आणि नापास झाली तर खुशाल भंगारात घाला. जन्मतारीख ही मात्र तपासणी होऊ शकत नाही.

दुसरीकडे नव्या गाड्या बाहेरच्या मिस्त्रीला आत येऊच देत नाहीत. सुटे भाग आणि दोष शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. प्रकरण पुढे कोर्टकचेऱ्यांत गेलं. दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवायला केंद्र सरकारनं २०२२ मध्ये समिती नेमली, तिच्या यादीत मोटारीही होत्या. हे केवळ ग्राहकाच्या पैशाचं भांडण नाही. आमच्या मिस्त्रींचा मुलगा एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथं लॅपटॉप दोष सांगतो, खोकं उघडून नवा भाग बसवायचा. मुलगा हुशार आहे, वडिलांपेक्षा जास्त कमावतो. पण बोटभर शाबूत तुकड्यावरून माप काढायची वेळ त्याच्यावर कधी येणार नाही, आणि जी वेळ येत नाही ती विद्याही येत नाही.

आता मी महिन्यातून एकदा हब जोडतो, रानातल्या भुसभुशीत मातीत दांडी टाकतो आणि किलोमीटरभर फिरवून आणतो. ती 'खट्' करून बसते.

दांडा देताना लेथवाल्यानं त्याची सगळी मापं एका मळकट वहीत उतरवून घेतली होती. "आणि कुणाची आली तर," म्हणाला. परवा उद्यमनगरात गेलो तेव्हा सहज विचारलं. अजून कुणाची आलेली नाही.