सुकणारा मुकुट, न सुकणारी साधना



संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात शर्यतीचा दाखला दिला आहे. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. विजेत्याच्या मस्तकी पानांचा मुकुट चढे आणि थोड्याच दिवसांत तो सुकून जाई. पण पौल खेळाडूला हिणवत नाही. त्याचा संयम आपल्यासमोर आदर्श म्हणून ठेवतो आणि कधीही न सुकणाऱ्या मुकुटासाठी धावायला सांगतो.

मुकुट सुकतो, पण तो मिळवताना अंगी बाणलेली शिस्त मागे उरते. ती पुढे कोणत्या कामी येईल, हे खुद्द खेळाडूलाही ठाऊक नसते. इटलीचे सायकलपटू गिनो बार्ताली हे श्रद्धावान कॅथलिक. १९३८ साली त्यांनी ‘तूर द फ्रान्स’ ही खडतर शर्यत जिंकली. पुढे महायुद्ध पेटले आणि १९४० ते १९४६ या काळात ती शर्यत झालीच नाही. खेळाडूच्या उमेदीची वर्षे अशी निघून गेली. परंतु ती वाया गेली का?

फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दल्ला कोस्टा छळ होणाऱ्या ज्यू बांधवांना वाचवण्याचे काम करीत होते. जेरुसलेममधील याद वाशेम या संस्थेच्या नोंदीनुसार, बार्तालींनी सायकलीच्या नळीत बनावट ओळखपत्रे लपवून ती इच्छित स्थळी पोहोचवली. पकडले गेले असते तर जिवावर बेतले असते. सराव करणारा नामवंत खेळाडू म्हणून ते रस्त्याने जाऊ शकत होते. शर्यतीसाठी कमावलेले पाय परक्यांचे प्राण वाचवण्यासाठी झिजले. १९४८ साली, वयाच्या ३४व्या वर्षी, त्यांनी तीच शर्यत पुन्हा जिंकली. आपल्या या सेवेचा मात्र त्यांनी कधी गाजावाजा केला नाही. २००० साली ते प्रभुघरी गेले. याद वाशेमने त्यांचा गौरव केला तो २०१३ साली.

बंधुभगिनींनो, आपली मुले मैदानावरून घरी येतात तेव्हा आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? “जिंकलास का?” एवढाच प्रश्न असेल, तर हरलेल्या मुलाने उंबरठा कसा ओलांडायचा? “मनापासून खेळलास का? पडलेल्याला हात दिलास का?” हेही आपण विचारू या. प्रतिस्पर्धी हा वैरी नव्हे. त्याच्यामुळेच आपल्याला आपले बळ आणि आपली उणीव कळते. त्याला फसवून मिळवलेला चषक कपाटात राहतो, मनाला मात्र त्यातून काहीच मिळत नाही. आणि संघात असूनही दिवसभर बाकावर बसणारा मुलगा मित्रांसाठी टाळ्या वाजवतो, तेव्हा तोही एक मोठा धडा गिरवत असतो.

खेळाडू एक दिवस सराव चुकला तरी हळहळतो. प्रार्थना, पवित्र मिस्सा आणि शेजाऱ्याची सेवा हा आपला रोजचा सराव आहे. इतरांना उपदेश करून आपणच शर्यतीतून बाद होऊ नये, ही काळजी पौलासारख्या प्रेषितालाही होती. मग आपण बेसावध कसे राहावे?

हे प्रभो, आमच्या मुलांना जिंकताना नम्रता दे, हरताना धीर दे आणि त्यांच्या अंगातले बळ दुबळ्यांच्या कामी येऊ दे. आमेन.